पेन्शन नसलेलं म्हातारपण: समज आणि वस्तुस्थिती

‘भारत तरुणांचा देश आहे, म्हाताऱ्यांची काळजी जपानने करावी,’ असं भाषणांत हमखास ऐकू येतं. देशाची सरासरी पाहिली तर ते पटतंही. पण २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठी ओलांडलेले जवळपास दहा टक्के होते आणि गोव्यात अकरा टक्क्यांच्या वर. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ निघाला, बिहारचा ३. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ वर जायला फ्रान्सला शंभरहून अधिक वर्षं लागली, जपानला २४. फ्रान्सला हाती पैसा जमवायला सवड मिळाली; आपल्याला तेवढी मिळणार नाही.

औषधोपचार सुधारले म्हणून म्हातारे वाढले, हे अर्धसत्य आहे. शंभरात त्यांचा वाटा वाढतो तो मुख्यतः घरोघरी मुलं कमी झाल्यामुळे.

मग मुलं वाढवा, असं कुणी सुचवतं. आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी २०२४ मध्ये तसं आवाहनच केलं. पण आज जन्मलेलं मूल कमवायला लागेपर्यंत वीस-बावीस वर्षं जातात, आणि तोवर आई-बापांना म्हाताऱ्यांबरोबर त्याचाही खर्च उचलावा लागतो.

सगळ्यात अन्यायकारक समज म्हणजे ‘म्हातारे सरकारी तिजोरीवर बसून खातात’. निवृत्तिवेतन मिळतं ते पक्क्या नोकरीतून निवृत्त झालेल्या थोड्यांना. ज्यांनी जन्मभर खुरपणी केली, विटा वाहिल्या, लोकांची धुणीभांडी केली, त्यांच्यासाठी केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन योजना आहे. तीही दारिद्र्यरेषेखालच्यांनाच, आणि ऐंशीच्या आतल्यांना महिना २०० रुपये. हा आकडा २००७ सालीही २००च होता. महाराष्ट्र सरकार श्रावणबाळ योजनेतून भर घालतं, तेव्हा कुठे ते १५०० होतात. तेवढ्यात रक्तदाबाच्या गोळ्या, चहा-साखर आणि विजेचं बिल. शिवाय पैसे काढायला अनेक ठिकाणी मशीनवर अंगठा लागतो. मातीत राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा उमटत नाही. ‘उद्या या’ म्हणतात आणि तिचा दिवस फुकट जातो. म्हणून सत्तरीतल्या बायका अजूनही रोजंदारीवर खुरपायला जातात. जी जात नाही ती नातवंडं सांभाळते, तेव्हा सून कामाला जाऊ शकते. कुणाचा भार कुणावर आहे, हे एकदा नीट मोजायला हवं.

‘म्हाताऱ्यांची मतं पुष्कळ, म्हणून राजकारण्यांना त्यांचं ऐकावंच लागतं,’ असंही म्हणतात. ऐकलं जातं ते संघटितांचं. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. शाळा आणि कचेऱ्या ओस पडल्या, आठवड्याच्या आत सरकारला त्यांच्याशी बोलणी करावी लागली. त्यांची मागणी बरोबर की चूक, हा वेगळा वाद. श्रावणबाळच्या लाभार्थ्याने संप केला तर मात्र कुठलंच कार्यालय बंद पडत नाही. त्याच्या वतीने बोलणारी संघटना जवळजवळ नाहीच, आणि मतदान केंद्र लांब असेल तर मत द्यायला जाणंही त्याला जड जातं.

निवडणुकीत उमेदवार दाराशी आला, की त्या २०० रुपयांचं तो काय करणार आहे, हे त्याला जरूर विचारा. घरात म्हातारं माणूस नसलं, तरी विचारा.