घरचा क्लाउड, बाहेरची वाट

जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, त्याला जोडलेली हार्ड डिस्क आणि नेक्स्टक्लाउडसारखं फुकट सॉफ्टवेअर. एवढ्या भांडवलावर घरचे फोटो आणि कागदपत्रं सांभाळणारा स्वतःचा क्लाउड उभा राहतो. घरच्या वायफायवर तो झकास चालतो. उंबरठा ओलांडून मोबाइल डेटावर आलं, की तोच सर्व्हर सापडेनासा होतो.

कारण घरातल्या उपकरणांना राउटर जे 192.168 ने सुरू होणारे पत्ते वाटतो, ते घरापुरतेच असतात. बाहेरच्यांना दिसतो तो राउटरचा एकच पत्ता. सोसायटीचा पत्ता सापडला तरी फ्लॅट नंबर लागतोच. इथे तो नंबर म्हणजे पोर्ट. पोर्टचे क्रमांक 65,535 पर्यंत जातात. सुरक्षित वेबसाइटचा 443, दूरवरून सर्व्हर हाताळणाऱ्या एसएसएचचा 22. राउटरच्या सेटिंगमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' शोधायचं आणि 443 वर येणारी मागणी, समजा, 192.168.1.50 कडे धाडायला सांगायचं. हा आतला पत्ता आधी कायमचा बांधून ठेवावा. नाहीतर वीज जाऊन आल्यावर सर्व्हरला भलताच पत्ता मिळतो आणि मागण्या प्रिंटरच्या दारात जाऊन थडकतात!

बाहेरचा पत्ताही बदलत असतो. त्यावर डायनॅमिक डीएनएसचा उपाय आहे: नाव तेच, मागचा पत्ता आपोआप ताजा.

एवढं करूनही काही घरांत पोर्ट उघडतच नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे पत्ते जेमतेम 430 कोटी. जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्येच वाटून संपला. म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या एकाच पत्त्यामागे बरेच ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावरचा वॅन, म्हणजे बाहेरचा, पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यात दिसला, तर बहुधा हाच प्रकार. मग कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा बाहेरचा पत्ता, घ्यावा, नाहीतर पोर्ट न उघडता उपकरणं जोडणाऱ्या टेलस्केलसारख्या सेवेची मदत.

पण पोर्ट उघडलं, की ते साऱ्या जगाला उघडतं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये झेडमॅप हे साधन आणलं. वेगवान जोडणी असलेला एकच संगणक त्याच्या जोरावर इंटरनेटचे सारे आयपीव्ही4 पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपू शकत होता. आपल्या घरच्या सर्व्हरकडे कोण ढुंकून बघणार, हा समज तिथेच मोडतो. जानेवारी 2022 मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅपची स्टोरेज उपकरणं गाठली, फाइली कुलूपबंद केल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. तेव्हा क्यूनॅपनेच ग्राहकांना राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद करायला सांगितलं. यूपीएनपी म्हणजे उपकरणांना परस्पर पोर्ट उघडू देणारी सोय. ती बंदच बरी.

घरच्या चारपाच माणसांसाठी वेबसाइट जगापुढे मांडण्यापेक्षा वायरगार्डचा व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची खासगी वाट, सरस. 2020 मध्ये तो थेट लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. राउटरवर एकच यूडीपी पोर्ट, सहसा 51820, उघडावं लागतं. योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. त्रास एकच: प्रत्येकाच्या फोनवर ॲप टाकून किल्ली द्यावी लागते. आजीआजोबांच्या फोनवर क्यूआर कोड स्कॅन केला, की तेही काम होतं.

चाचणी मात्र फोनचं वायफाय बंद करूनच घ्यावी. काही राउटर घरातूनच स्वतःच्या बाहेरच्या पत्त्यावर येऊ देत नाहीत, आणि मग धडधाकट सेटिंगमध्ये उगाच चूक शोधण्यात रविवार जातो.