भिंत कुणाची?

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात चित्रकलेचे विद्यार्थी आले होते. ‘समाजात जाऊन काम’ हा त्यांच्या अभ्यासक्रमाचाच भाग होता. पोरं गुणी. दोन दिवसांत त्यांनी गल्लीतली लांबलचक भिंत पांढरी केली आणि तिच्यावर पृथ्वीचा गोळा, भोवती हात धरून नाचणारी मुलं आणि एक भलंमोठं कबूतर काढलं. चहा झाला, फोटो झाले, मुलं गेली. मग शेजारच्या खाला बाहेर आल्या आणि भिंतीकडे बघतच राहिल्या. तिथं कोळशाच्या रेघांनी मांडलेला त्यांचा महिन्याभराचा दुधाचा हिशेब होता. दूधवाल्याशी पुढं जे व्हायचं ते झालं.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट. पण मला ती टोचत राहिली. भिंत रिकामी आहे, असं त्या मुलांनी धरून चालायला नको होतं.

शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांनी ही खबरदारी फार आधी घेतली होती. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या कलाभवनाचे ते पुढं प्रमुख झाले. विद्यार्थ्यांना लोकांत धाडण्याआधी त्यांनी लोकांतल्या जाणत्यांनाच शिकवायला बोलावलं. अल्पना, म्हणजे तांदळाच्या ओल्या पिठानं काढायची बंगाली रांगोळी, शिकवायला सुकुमारीदेवी आल्या. त्यांची विद्या घरच्या अंगणातली. ओल्या गिलाव्यावर रंगवण्याची जयपुरी रीत दाखवायला नरसिंहलाल नावाचे मिस्त्री आले. मिस्त्री! आपल्या कलाशाळांत आजही गवंड्याला गुरुजी म्हणून उभं करायला कितीजण धजतील?

इथंच शिकलेले रामकिंकर बैज हे बांकुड्याच्या न्हावी कुटुंबातले. लहानपणी मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांचे हात बघत वाढले. १९३८ मध्ये त्यांनी ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प केलं. बाप, आई, मूल, सोबत कुत्रा. बिऱ्हाड पाठीवर टाकून निघालेली माणसं. त्यासाठी संगमरवर आणला नाही. तिथल्याच तांबड्या मुरमाचे खडे आणि सिमेंट वापरलं. हे शिल्प उघड्यावर उभं आहे. ज्यांचं ते आहे, त्यांना ते बघायला तेव्हा तिकीट काढावं लागत नव्हतं.

या वळणाशी आपल्या खानदेशाचंही नातं आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्याची सजावट गांधीजींनी नंदलालबाबूंकडे सोपवली. आपण चित्रकार, मांडव उभारणं आपलं काम नव्हे, असा त्यांना संकोच होता. पण बांबू, गवत अशा गावात मिळणाऱ्या सामानातून आणि गावच्या कारागिरांच्या हातांनी तिथं एक नगर उभं राहिलं. पुढं फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी साध्या कागदावर, मातीच्या रंगांत सुमारे चारशे चित्रं तयार झाली. मूळ चित्रं नंदलालबाबूंची, त्यांवरून बाकीची उतरवली विद्यार्थ्यांनी. चित्रांत कोण? ढोलवाला, पैलवान, शेतकरी. अधिवेशनाला आलेला खेडूत वाटेवर थांबून आपल्याच गावची माणसं बघू शकत होता. नक्कल काढण्यात त्या पोरांना कमीपणा वाटला नसावा. त्यांना सही करायची नव्हती, वाट सजवायची होती.

मी काही चित्रकार नाही, कवी आहे. पण कवीलाही हा मोह असतोच. वस्तीवर कविता लिहावी, वाहवा घ्यावी आणि ती वस्तीत वाचायची वेळ आली की घसा कोरडा पडावा. म्हणून त्या मुलांना मी फार बोल लावत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या दोन मुली पुन्हा आल्या. रंग आणले नव्हते. खालांच्या ओट्यावर बसून गोधडीचे टाके शिकत होत्या. खाला त्यांना रागावत होत्या, दोरा उसवायला लावत होत्या.

भिंतीवरचं कबूतर अजून आहे. खाला दुधाचा हिशेब आता त्याच्या पंखावर मांडतात. पांढऱ्यावर कोळसा छान उठतो म्हणतात.