उस्ताद नागपुरात, शागीर्द सिरोंच्यात : दूरवरून शिक्षक घडविण्याचा हिशेब

व्यापार-उद्योगाच्या पानावर शिक्षक-प्रशिक्षणाचा विषय पाहून काही वाचक बांधवांना नवल वाटेल. परंतु चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा, अहेरी, सिरोंचा येथील आपल्या घरांतील जमाखर्चाची वही उघडली, तर मुलामुलींच्या डी.एड., बी.एड.चा खर्च त्यात हमखास सापडेल. लाकडाचा व्यापारी असो, गॅरेजवाला असो, की शिवणयंत्रावर बसणारा कारागीर असो, मुलगी शिकली की तिने शाळेत शिकवावे ही इच्छा जुनीच आहे. शिवाय उर्दू शाळा चालविणाऱ्या संस्थांवर विश्वस्त म्हणून बसणारेही पुष्कळदा व्यापारीच असतात. म्हणजे शिक्षक घडविण्याचा खर्च करणारे आपण आणि घडलेला शिक्षक नेमणारेही आपणच. मग या व्यवहारातील नफा-तोटा या पानावर मांडावयाचा नाही, तर कोठे?

अलीकडे या व्यवहारात एक नवी गोष्ट शिरली आहे. फोनवर आणि संगणकावर दहा जणांनी दहा गावांत बसून एकच पाठ मिळून तयार करावयाचा, एकमेकांचे शिकविणे पाहावयाचे, चुका दाखवावयाच्या, आणि शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या जाणत्या शिक्षकाने त्यावर देखरेख ठेवावयाची. त्याचबरोबर "घरबसल्या शिक्षक व्हा" अशा जाहिरातीही फोनवर येऊन पडतात. या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली उपयोगाची आहे असे आमचे मत आहे. दुसरीत पैसे बुडण्याचा धोका आहे, म्हणून आधी तिच्याविषयीच बोलू.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या नियमांप्रमाणे डी.एल.एड. (जुने डी.एड.) आणि बी.एड. हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. त्यांत 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवावे लागतात. वर्गातील अभ्यासाला 80 टक्के आणि शाळेतील अनुभवाला 90 टक्के हजेरी मागितलेली आहे. दूरशिक्षणाचे बी.एड. आहे, पण ते मुख्यत्वे नोकरीत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे बी.एड. याच वाटेचे. बारावी होऊन घरी बसलेल्या मुलीला केवळ पडद्यापुढे बसवून कायदेशीर डी.एल.एड. मिळेल, असे कोणी सांगत असेल तर खिशात हात घालू नका.

याचा धडा देशाने महागात घेतला आहे. 2017 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंत मुदत मिळाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी 18 महिन्यांचे डी.एल.एड. काढले. पाठ 'स्वयम्' या संगणकीय व्यासपीठावर आणि दूरदर्शनच्या वाहिन्यांवर. बारा लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. पुढे नवीन नोकरीसाठी ही पदविका घेऊन उमेदवार उभे राहिले, तेव्हा नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती दोन वर्षांच्या नियमित पदविकेच्या बरोबरीची नाही. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने खुलासा केला. 10 ऑगस्ट 2017 रोजी जे नोकरीत होते आणि ज्यांनी मुदतीत अभ्यासक्रम पुरा केला, त्यांची पदविका ग्राह्य ठरली. दरम्यानचे वर्ष हजारो घरांनी कसे काढले असेल, हे ज्याचा माल जकात नाक्यावर अडकून पडला आहे त्याला समजावून सांगावयास नको.

आता पहिल्या गोष्टीकडे वळू.

आपल्या कारागीर बांधवांना शिक्षक-प्रशिक्षण समजावून सांगणे सोपे आहे, कारण ते त्यांच्याच कारखान्यातले आहे. सुताराचा शागीर्द पुस्तक वाचून रंधा मारावयास शिकत नाही. तो आधी उस्तादाचा हात पाहतो, मग टाकाऊ फळीवर हात चालवतो, उस्ताद कान पिळतो, मग खरी फळी हाती येते. शिक्षकाचेही हेच आहे. आधी पाठाचे टाचण लिहावयाचे, मग पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ सोबत्यांपुढे घ्यावयाचा, टीका ऐकावयाची, पुन्हा घ्यावयाचा, आणि मग मुलांपुढे उभे राहावयाचे. यातील शेवटची पायरी, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात उभे राहणे, कोणत्याही यंत्रावरून होणार नाही. पण तिच्याआधीच्या पायऱ्या दूरवरून होऊ शकतात, आणि चांगल्या होऊ शकतात.

कशा, ते पाहा. समजा सिरोंच्यातील एका किराणा दुकानदाराची मुलगी अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शाळेतील अनुभवाचे आठवडे स्वतःच्या तालुक्यात घालवते आहे. अपूर्णांकाचे टाचण तिने एका सामाईक कागदावर लिहिले. हा कागद संगणकाच्या जाळ्यावर असतो. तो चंद्रपूरची मैत्रीण उघडते, वडशाचा सोबती उघडतो, नागपूरचे अनुभवी गुरुजी उघडतात. प्रत्येकाची सूचना कडेला त्याच्या नावानिशी दिसते. कोणी काय बदलले आणि केव्हा बदलले याची नोंद आपोआप राहते. ही नोंद फार मोलाची आहे. रोकडवहीत खाडाखोड करता येत नाही, तसेच दुसऱ्याचे टाचण उतरवून आपले म्हणून खपविणेही येथे कठीण जाते. मग ती फोनवर पाच मिनिटांचा पाठ चित्रित करते आणि गटाला पाठवते. गुरुजी लिहीत बसत नाहीत. आवाजात निरोप देतात की तिसऱ्या मिनिटाला तू प्रश्न विचारलास आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगून टाकलेस. समोरासमोरच्या वर्गात असे नेमके बोट ठेवणे गुरुजींनाही जमत नाही, कारण घडून गेलेला पाठ पुन्हा पाहता येत नाही.

हे आमचे स्वप्नरंजन नव्हे. सिरोंच्यापलीकडे प्राणहिता आणि गोदावरी ओलांडली की तेलंगणा लागते, आणि गडचिरोलीच्या पूर्वेला छत्तीसगड. या दोन राज्यांत, तसेच राजस्थान आणि मिझोराममध्ये, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने अमेरिकेतील एमआयटी आणि टाटा ट्रस्ट यांच्यासह 2015 पासून 'क्लिक्स' नावाचा उपक्रम चालविला. सरकारी माध्यमिक शाळांतील गणित, विज्ञान, इंग्रजीचे शिक्षक त्यात होते. अभ्यासक्रम संगणकावर होता. परंतु जीव ओतला तो फोनवरील विषयवार गटांनी. वर्गात काय घडले, कोणता प्रयोग फसला, याचे फोटो आणि प्रश्न शिक्षक तेथे टाकीत आणि दुसऱ्या जिल्ह्यातला शिक्षक उत्तर देई. या कामाला युनेस्कोचा 2017 चा पुरस्कारही मिळाला. हे शिक्षक आधीच नोकरीत होते, शिकाऊ नव्हते, हे खरे. पण रीत तीच आहे. नदीच्या त्या काठावर जे झाले ते या काठावर होऊ नये, असे काही नाही.

महाराष्ट्रातही सुरुवात झालेलीच होती. राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांच्या 'तेजस' उपक्रमात 2016 पासून काही जिल्ह्यांतील इंग्रजीच्या शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने भेटत, आणि मधल्या दिवसांत फोनवरील गटांतून बोलत. नंतर 2020 ची टाळेबंदी आली आणि जे ऐच्छिक होते ते सक्तीचे झाले. अध्यापक विद्यालयांनीही तास फोनवर घेतले. जून 2022 मध्ये वरिष्ठ आणि निवड श्रेणीचे प्रशिक्षण इन्फोसिसच्या व्यासपीठावर झाले. नव्वद हजारांहून अधिक शिक्षकांनी नाव नोंदवून दोन-दोन हजार रुपये शुल्क भरले. मात्र चित्रफीत पाहा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या, ही एक तऱ्हा झाली. तीत शागीर्द एकटाच असतो. मिळून पाठ घडविण्याची तऱ्हा वेगळी, आणि आमच्या मते शिकाऊ मुलामुलींना तीच हवी.

आपल्या दोन जिल्ह्यांना तिची गरज इतरांपेक्षा जास्त का, हे नकाशा सांगतो. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, पण सिरोंचाहून नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे तरी दोनशे किलोमीटरची वाट आहे, आणि नागपूर तर तीनशेच्या पुढे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मुलगी एका बैठकीसाठी जिल्ह्याला गेली तर तिचे भाडे, मुक्काम, आणि सोबत जाणाऱ्या भावाची दोन दिवसांची बुडालेली रोजी, हे सगळे त्या एका बैठकीचे मोल आहे. ते वहीत लिहून पाहा, म्हणजे फोनवरील बैठक किती स्वस्त ते कळेल.

अर्थात रेंज असेल तर. नक्षलग्रस्त भागांत सरकारी निधीतून उभे राहिलेले मनोरे सुरुवातीला बोलण्यापुरतेच होते. दहा राज्यांतील अशा 2,343 मनोऱ्यांवर 4 जी बसविण्यास केंद्राने 2022 मध्ये मंजुरी दिली. तरीही जंगलात दुपारी एक आणि रात्री एक अशी स्थिती असते. म्हणून साधन निवडताना डामडौल नको. चित्रासह तासभराची बैठक अर्धा ते एक जीबी खाऊन जाते. चित्र बंद करून नुसता आवाज ठेवला तर त्याच्या अगदी थोड्या अंशात काम भागते. पाच मिनिटांचा पाठ साध्या दर्जात चित्रित केला तर तो तीस-चाळीस एमबीत बसतो आणि रेंज मिळेल तेव्हा पहाटे पाठविता येतो. सरकारच्या 'दीक्षा' ॲपवरील पाठ एकदा उतरवून घेतले की जाळ्याविना पाहता येतात. ज्या गटाचा सारा कारभार थेट चित्राच्या बैठकीवर चालतो, तो गट भामरागडच्या मुलीसाठी नाहीच, असे समजावे.

या रीतीचा आणखी एक लाभ आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चंद्रपूर शहरातील शाळेत सराव करणाऱ्या शिकाऊ शिक्षकाला मराठी-उर्दू-हिंदी बोलणारी मुले भेटतात. सिरोंच्यातील मुलाच्या घरी तेलुगू असते, भामरागड-एटापल्लीकडे माडिया. उद्या नेमणूक तेथे झाली तर पहिले सहा महिने गुरुजी आणि मुले एकमेकांकडे पाहत बसतात. तिकडे आधीपासून शिकविणाऱ्या शिक्षकाने आपल्या वर्गातील दहा मिनिटे गटाला दाखविली, तर ते सहा महिने वाचतील. लाकूड कोणते आहे हे न पाहता रंधा लावणारा सुतार आम्ही तरी पाहिलेला नाही.

उर्दूचा प्रश्न थोडा निराळा आहे, आणि येथे आपल्या छापखानेवाल्यांचा संबंध येतो. या भागात उर्दू माध्यमाच्या शाळा विखुरलेल्या आहेत. एका शाळेत विज्ञानाचा एकच शिक्षक, मग शिकाऊ मुलीने विचारावे कोणाला? जाणते शिक्षक नागपूर, कामठी, अकोला, मालेगाव येथे आहेत. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचे शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आहे. त्यांना जोडून घेण्याचा स्वस्त मार्ग हाच. पण सामाईक कागदावर उर्दू लिहावयाची तर ती युनिकोडमध्ये लागते. आपल्याकडे वर्षानुवर्षांची टाचणे, प्रश्नपत्रिका, स्वाध्याय पडले आहेत ते जुन्या इनपेजमध्ये. ती फाइल फोनवर उघडत नाही, आणि दहा जणांना मिळून तीत लिहिताही येत नाही. मराठीतही जुन्या फॉन्टांची रड हीच. ज्या डी.टी.पी. चालकांची लग्नपत्रिकांची कामे मोबाइलने पळविली, त्यांच्या हाती ही जुनी सामग्री युनिकोडमध्ये आणण्याचे काम देता येईल. इनपेजच्या नव्या आवृत्त्यांत ती सोय आहे, पण जोडाक्षरे आणि अंक डोळ्यांनी तपासावेच लागतात, आणि ती नजर जुन्या चालकाकडेच असते. हे काम फुकट मागू नये, पानामागे दर ठरवावा.

संस्थांच्या विश्वस्तांनाही एक सांगावेसे वाटते. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा लागू असल्याचा निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांना त्यात दोन वर्षांची मुदत होती. हा वाद महाराष्ट्रातीलच अंजुमन इशाअत-ए-तालीम या संस्थेच्या नावाने गाजला, आणि अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाच्या विचारार्थ पाठविला गेला. कायदा जिकडे झुकावयाचा तिकडे झुको, शाळेत तयार शिक्षक नसेल तर पालक मूल उचलून दुसऱ्या शाळेत घालतात, ही बाजारपेठ कोर्टाची वाट पाहत नाही. संस्थेची एक खोली, तारेची इंटरनेट जोडणी, एक पडदा आणि वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर एवढे करून संध्याकाळचे दोन तास शिकाऊ मुलामुलींना दिले, तर दोन-तीन गावांचा गट तेथे बसू शकेल. मुलींसाठी तर घरातील एकाच फोनची वाट पाहण्यापेक्षा अशी खोली बरी.

राहता राहिला पैसा. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपून हातात रक्कम येते, साधारण त्याच सुमारास प्रवेशाची धावपळ सुरू होते, आणि दलालही तेव्हाच दारात येतात. शुल्क भरण्याआधी विद्यालयाचे मान्यतापत्र मागून पाहावे, 20 आठवड्यांचा सराव कोणत्या शाळेत होणार हे लेखी घ्यावे, आणि मुलीचा पाठ पाहून त्यावर बोलणारा माणूस कोण आहे, त्याचे नाव विचारावे. शेवटच्या प्रश्नाला नावाऐवजी ॲपचे नाव मिळाले, तर तूर्त पावती फाडू नये.