वायूंची गणिते आणि २७३ ची शिल्लक



मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. रसायनशास्त्रावर मी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझ्या मुलीचे वायूचे एक गणित तीनदा चुकले आणि सूत्र तर बरोबर होते! तेव्हा तिच्याबरोबर मीही पुस्तक उघडून बसलो.

गणित असे : २७ अंश सेल्सिअसला वायूचे आकारमान ३०० मिलिलीटर आहे. दाब तोच ठेवून तापमान १२७ अंश केले, तर आकारमान किती? तिने ३०० ला १२७ ने गुणून २७ ने भागले. उत्तर आले सुमारे १४११. खरे उत्तर ४००.

चार्ल्सचा नियम सांगतो की, दाब स्थिर असता आकारमान तापमानाच्या सम प्रमाणात बदलते. पण हे तापमान निरपेक्ष शून्यापासून मोजलेले हवे. सेल्सिअसचा शून्य हा पाणी गोठण्याचा बिंदू. तेथे वायूतील उष्णता संपत नाही. आमच्या बँकेच्या भाषेत, खात्यात २७३ रुपये कायम पडून आहेत आणि आपण फक्त वरचे मोजतो. २७ आणि १२७ दिसले तरी खरी शिल्लक ३०० आणि ४०० आहे. गुणोत्तर तिचेच काढायचे. शंका असेल त्याने तोच वायू उणे २३ अंशांपर्यंत थंड करून पाहावा. सेल्सिअसचे आकडे घातले तर आकारमानच उणे येते! तसला वायू भरायचा तरी कशात? केल्विनने २५० मिलिलीटर येते.

हा २७३ आला कोठून? शून्य अंशाला वायूचे जेवढे आकारमान असते, त्याच्या सुमारे १/२७३ इतके ते दर अंशाला घटते. असेच घटत गेले तर उणे २७३ ला (अचूक सांगायचे तर २७३.१५) काहीच उरणार नाही. प्रत्यक्षात वायू त्याआधीच द्रवरूप होतो, तो भाग वेगळा. निरपेक्ष तापमानाची ही मोजणी लॉर्ड केल्विन यांनी १८४८ साली मांडली.

म्हणून सूत्रात आकडे घालण्यापूर्वीच २७३ मिळवावेत. फॅरनहाइट दिले असेल तर आधी ३२ वजा करून, ५ ने गुणून ९ ने भागावे. उत्तर सेल्सिअसमध्ये मागितले असेल तर शेवटी २७३ वजा करावेत. हे पुष्कळजण विसरतात.

एक फसवी जागा आहे. ‘तापमान १०० अंशांनी वाढवले’ असे म्हटले, तर त्या १०० मध्ये २७३ मिळवायचे नाहीत. तो फरक आहे, आणि फरक दोन्ही मोजण्यांत सारखाच. आणि ‘३०० अंश केल्विन’ असेही लिहू नये. १९६७ पासून नुसते ‘३०० केल्विन’ लिहितात.