व्ही. शांताराम : कॅमेऱ्यापुढे आणि कॅमेऱ्यामागे

शांताराम वणकुद्रे, म्हणजेच आपले व्ही. शांताराम. जन्म १९०१, कोल्हापूर. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत ते सिनेमा शिकले. 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये त्यांनी तरुण शेतकरी रंगवला. पुढे १९२९ मध्ये सहकाऱ्यांसोबत 'प्रभात' आणि १९४२ मध्ये स्वतःचं 'राजकमल'.

मुलांना त्यांचा एकच चित्रपट दाखवायचा असेल, तर मी 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) निवडेन. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर. जेलर तेच, दिग्दर्शकही तेच! ही गोष्ट हवेतली नाही बरं का. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची अशी खुली वसाहत खरोखर उभारली होती. कथा ग. दि. माडगूळकरांची. बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. १९५८ मध्ये बर्लिनला चित्रपटाने सिल्व्हर बेअर मिळवलं.

शेवटी जेलर मरतो, हे लहान मुलांना आधी सांगून ठेवा. आणि 'कुलूप नव्हतं, तर कैदी पळाले का नाहीत?' याचं उत्तर आपण देऊ नका, त्यांनाच शोधू द्या.