ठिणगी कुठे अडली?

बेगडेवाडीहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने निघालो की देहूरोडनंतर आकुर्डी येते आणि मधली चार स्थानके गेली की खडकी. आकुर्डीत बजाज चेतक स्कूटरी तयार होत असत. खडकी हे नाव १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सशी जोडलेले आहे. इंधन पेटवण्याच्या दोन निराळ्या रीती अशा एकाच लोहमार्गावर भेटतात. जुन्या चेतकच्या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटे. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तेथे हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते.

कोकणातल्या यांत्रिक मासेमारी नौकांच्या पोटात बसवलेली इंजिने डिझेलची असतात. मौजेच्या वेगवान बोटींत मात्र पेट्रोल इंजिनही आढळते. पुष्कळदा ते मोटारीचेच इंजिन असते, पाण्यावरच्या वापरासाठी बदल केलेले. रस्त्यात स्कूटर बंद पडली तर आपण ती ढकलत नेऊ. धरणाच्या मध्यावर बोट बंद पडली तर ढकलणार कुठे? म्हणून पहिले काम नांगर टाकून बोट वाहून जाऊ न देणे. त्यानंतर शोध घ्यायचा, आणि तो क्रमाने घ्यायचा.

आधी ठिणगी कशी तयार होते ते पाहू. बॅटरी १२ व्होल्टची. सिलिंडरमधल्या प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला मात्र १० ते २० हजार व्होल्ट लागतात. ही वाढ इग्निशन कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात : जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे प्राथमिक आणि बारीक तारेचे, हजारो वेढ्यांचे दुय्यम. प्राथमिकातला प्रवाह एकाएकी तोडला की चुंबकीय क्षेत्र झपाट्याने कोसळते आणि दुय्यमात मोठे विभवांतर निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. जुन्या इंजिनांत प्रवाह तोडण्याचे काम ‘पॉइंट’ करतात आणि नव्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक खटका. पॉइंटशेजारी जोडलेले धारित्र, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर, पॉइंटवरच ठिणगी उडून ऊर्जा वाया जाऊ देत नाही. पुढे डिस्ट्रिब्युटर हे विभवांतर पाळीपाळीने एकेका प्लगकडे पाठवतो. चार सिलिंडरचे चार-धावी इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती ठिणग्या लागतील? हे गणित वर्गात जरूर द्यावे. उत्तर आहे १००.

आता शोध. इंजिनकक्ष उघडला की प्रथम वास घ्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखालून ती वाऱ्याबरोबर निघून जाते, पण बोटीच्या तळाशी साचून राहते. अशा वेळी ठिणगीची परीक्षा घेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. पंखा चार-पाच मिनिटे चालवून वाफ बाहेर काढावी आणि वास पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नये. बोटीसाठी बनवलेला स्टार्टर किंवा डिस्ट्रिब्युटर त्याच्या आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू शकणार नाही अशा रीतीने बंदिस्त केलेला असतो. मोटारीचा भाग हुबेहूब दिसला तरी तेथे बसवू नये, तो यामुळेच.

नंतर लक्षण आठवावे. दिवा मालवल्यासारखे इंजिन एकदम थांबले असेल तर संशय विजेवर. खोकत, धापा टाकत थांबले असेल तर बहुधा इंधनावर. चालकाच्या अंगाला दोरीने बांधलेला सुरक्षा-खटका सुटला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. एक पैसाही न लागणारी ही तपासणी पुष्कळदा विसरली जाते.

तिसरी पायरी जोडांची. समजा प्राथमिक मंडलाचा एकूण रोध ३ ओहम आहे. ओहमच्या नियमाने प्रवाह ४ अँपिअर. एखाद्या जोडावर हिरवट गंज चढून आणखी १ ओहम रोध आला, तर प्रवाह ३ अँपिअर होईल. तूट पाव हिश्शाची दिसते. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे ती १६ भागांवरून ९ भागांवर येते, जवळजवळ निम्मी! बॅटरी ठणठणीत असूनही ठिणगी दुबळी का, याचे उत्तर असे एका जोडात दडलेले असू शकते.

चौथी पायरी ओलाव्याची. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवेचे थेंब जमले, आणि त्यात समुद्राचे मीठ असले, तर वीज प्लगऐवजी या ओल्या वाटेने पळते. टोपी कोरड्या कापडाने पुसावी. आत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेष दिसली तर टोपी बदलणेच बरे. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर कंडेन्सरही तपासावा.

शेवटी प्लग. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओले असेल तर इंधन पोचते आहे, पण पेटत नाही. एक सावधगिरी : बाहेर काढलेल्या प्लगवर ठिणगी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये. दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला कित्येक पट जास्त विभवांतर लागते. उघड्यावर पडणारी दुबळी ठिणगी सिलिंडरमध्ये हरू शकते.

इंजिन तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते, असे झाले तर कॉइलवर संशय घ्यावा. पण तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊनही हेच घडते. निवाडा एकच : बंद पडलेल्या क्षणी ठिणगी आहे की नाही ते पाहणे.

शाळेत इग्निशन कॉइल हाताळू नये, तिचा धक्का जबर असतो. जोडांचा धडा मात्र टॉर्चचा दिवा, दोन सेल आणि गंजलेला खिळा एवढ्यावर शिकवता येतो. मंडलात आधी घासलेला, मग गंजलेला खिळा घाला आणि प्रत्येक वेळी खिळ्याच्या दोन टोकांमधले विभवांतर मोजा. चांगल्या जोडावर ते जवळजवळ शून्य असते. गंजलेल्या जोडावर जेवढे जास्त दिसेल, तेवढे दिव्याच्या वाट्याला कमी आले.

त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारा : मासेमारी नौकेचे डिझेल इंजिन सुरू होत नसेल, तर वरच्यापैकी कोणत्या तपासण्या निरुपयोगी ठरतील आणि कोणत्या तरीही कराव्या लागतील? आणि त्याच चेतक नावाने आता निघणारी विजेवरची स्कूटर बंद पडली, तर?