मुलांसाठी दुमजली पलंग : घरी बांधताना घ्यावयाची काळजी

वऱ्हाडातील घरांत झोपण्याची व्यवस्था ऋतूप्रमाणे बदलत असते. उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर बाजा पडतात. पावसाळा लागला की बिछाने घरात येतात आणि मग मुलांना जागा पुरेनाशी होते. ती जमिनीवर सतरंजी टाकून निजतात. नेमक्या याच दिवसांत मण्यार रात्री भक्ष्याच्या शोधात घरात शिरते. जमिनीवर निजलेल्या माणसाला होणारा तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि तो लक्षात येईपर्यंत मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. मुलांना जमिनीवरून उचलून पलंगावर निजविणे हा त्यामुळे केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

तथापि, पलंगांना जागा हवी. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट आहे. त्यात तीन-चार खाटा मांडल्या तर चालावयास वाट उरत नाही. एकावर एक दोन बिछान्यांचा दुमजली पलंग हा यावरील सरळ उपाय होय. गावचा वाढई तो चार-पाच दिवसांत बांधू शकतो. परंतु नमुना म्हणून त्याच्यापुढे बहुधा रेल्वेच्या डब्यातील वरची शायिका असते, आणि ती मोठ्या माणसांसाठी केलेली असते. झोपेत सारखी कूस बदलणाऱ्या मुलाचा विचार तिच्यात नाही.

पडण्यापेक्षा अडकणे घातक

मूल वरून पडेल ही भीती प्रत्येकालाच वाटते, म्हणून कठडा लावला जातो. मात्र कठड्याखाली किंवा त्याच्या दोन पट्ट्यांमध्ये किती फट राहिली, हे सहसा कोणी मोजत नाही. लहान मुलाचे डोके त्याच्या धडाच्या मानाने मोठे असते. झोपेत पाय फटीतून बाहेर जातात, त्यामागोमाग कंबर व छाती सरकते. डोके मात्र तेवढ्या फटीतून निघत नाही. मूल हनुवटीवर लोंबकळते आणि त्याला ओरडताही येत नाही. अमेरिकेत अशा अपघातांत मुले दगावल्यावर तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने १९९९ मध्ये दुमजली पलंगांसाठी सक्तीचे नियम केले. त्यांतील मापे आपल्या वाढयालाही सहज पाळता येण्याजोगी आहेत.

वरच्या बिछान्याभोवतीची कोणतीही फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी असू नये. कठड्याचा माथा गादीच्या पृष्ठभागापेक्षा किमान ५ इंच उंच हवा. आमच्या मते ७ इंच ठेवावा. भिंतीच्या बाजूसही कठडा हवाच, आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हवा. "भिंत आहेच की" असे म्हणून ही बाजू मोकळी सोडण्याची चूक सर्रास होते. मुलांच्या धसमुसळेपणाने पलंग रोज थोडाथोडा सरकतो आणि भिंत व गादी यांच्यामध्ये नेमकी ती जीवघेणी फट तयार होते. शिडीच्या बाजूस चढण्यासाठी मोकळीक ठेवावी, पण ती १५ इंचांहून अधिक नसावी. पलंग तयार झाल्यावर साडेतीन इंच रुंदीचा लाकडी ठोकळा प्रत्येक फटीत घालून पाहावा. तो आत शिरला तर काम परत करून घ्यावे. सहा वर्षांखालील मुलास वर निजवू नये, हा आयोगाचा सल्लाही पाळावा. अंगणवाडीच्या वयाच्या मुलाची जागा खालचीच.

आपल्याकडे गादीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कापसाची गादी वापराने दबून तीन इंचांवर येते आणि पिंजून आणली की पुन्हा सहा इंच फुगते. दबलेल्या गादीवरून उंची ठरविलेला कठडा पिंजलेल्या गादीपुढे ठेंगणा पडतो. म्हणून माप नेहमी पिंजलेल्या गादीवरून घ्यावे. फटीचे माप मात्र दबलेल्या गादीवरून तपासावे, कारण गादी बसली की कठड्याखालची फट वाढते.

पंखा आणि पत्रे

परदेशी नियमांनी फारशी दखल न घेतलेला धोका आपल्या घरात डोक्यावर फिरत असतो. छताची उंची १० फूट धरू. खालचा बिछाना जमिनीपासून १६ इंचांवर आणि वरचा ५७ इंचांवर आला, तर वर उभे राहिलेल्या चार फुटी मुलाचे डोके पावणेनऊ फुटांवर जाते. छताच्या पंख्याची पातीही साधारण त्याच उंचीवर फिरतात. नेहमीच्या पंख्याच्या पात्यांचा घेर ४ फुटांचा असतो. १० फूट रुंद खोलीच्या मध्यभागी तो असेल, तर पात्याचे टोक भिंतीपासून ३ फुटांवर येते, म्हणजे ३ फूट रुंदीच्या पलंगाच्या अगदी काठावर. तेव्हा अशा खोलीत छताचा पंखा काढून समोरच्या भिंतीवर जाळीचा पंखा बसवावा. ते शक्य नसेल, तर दुमजली पलंगाचा विचार सोडून द्यावा आणि मोठ्या पलंगाखाली सरकणारा चाकांचा बुटका पलंग करावा. टिनाच्या छपराच्या घरासही हाच सल्ला. अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा पत्र्याखाली हातभर अंतरावर मूल निजविणे योग्य नव्हे.

लाकूड आणि सांधे

सागवान सर्वोत्तम, हे सांगावयास नको. मेळघाटातील सागवान परतवाड्याच्या सरकारी आगारातून लिलावाने विकले जाते. व्यापाऱ्याकडून घेतल्यास पावती व वाहतूक परवाना पाहून घ्यावा. पण उतरविलेल्या धाब्याच्या घरांचे जुने सागवान मिळाले तर ते अधिक चांगले, कारण ते पूर्ण वाळलेले असते. त्यातील खिळे काढावेत आणि वाळवीने पोखरलेला भाग कापून टाकावा. ओले लाकूड मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. वैशाखात ते आकसते आणि सांधे खिळखिळे होतात.

खांब ३ इंच चौरस आणि बाजूच्या फळ्या ६ इंच रुंद असाव्यात. फळीचे कुसू खांबाच्या भोकात घट्ट बसवून शिवाय तीन सुती बोल्ट घालावा. निव्वळ खिळ्यांवर वरचा बिछाना कधीही टांगू नये. गादीखालच्या आडव्या पट्ट्या नुसत्या ठेवून भागत नाही, त्या स्क्रूने आवळाव्या लागतात. खाली निजलेली मुले पायांनी वरचा बिछाना ढकलतात, हे प्रत्येक घरी घडते. शिडी पलंगास पक्की जोडावी व तिचे दांडे चपटे असावेत, म्हणजे अनवाणी पायास आधार मिळतो.

मुले कठडा चावतात, म्हणून रंग जपून निवडावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारे केंद्राचे नियम २०१६ मध्ये झाले. त्यापूर्वीचा डबा घरात उरला असेल तर तो वापरू नये. वरच्या चौकटीला तान्ह्या बाळाची झोळी, झोका किंवा ओढणी बांधू नये. मच्छरदाणीच्या दोऱ्या बाहेरच्या बाजूस आखूड बांधाव्यात. लाकूड उन्हाळ्यात आकसते व पावसात फुगते, म्हणून पाना घेऊन वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि दसऱ्यानंतर, सर्व बोल्ट आवळावेत आणि तो साडेतीन इंची ठोकळा पुन्हा एकदा सर्व फटींवर लावून पाहावा.